तीनशे अठराची ऊब

एका हाकेला गं बाई, दोन ओ कशा आल्या?
एका मुठीच्या आतून दोन वाटा निघाल्या...

मावशीचा आवाज होता तो. जाडसर, कडेला थोडा उसवलेला, धुवून धुवून मऊ झालेल्या चादरीसारखा. मुठूच्या पहिल्यावहिल्या आठवणीत चेहरा नाही, घर नाही. हा आवाज आहे आणि त्याच्या तालावर हलणारी मांडी आहे. एवढ्या दोन ओळी म्हणून मावशी थांबायची.

"पुढे?" मुठू विचारायची.

"पुढे काही नाही. झोप."

ओवी कधी अशी मध्येच उभी राहत नाही, तिला पुढचं पाऊल असतंच, हे मुठूला मोठेपणी कळलं. पण तोवर विचारायची सवय मोडली होती.

मुठू हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हतं. जन्मली तेव्हा ती दोन ओंजळींत मावेल एवढी होती, आणि डावी मूठ अशी आवळलेली, की वॉर्डातल्या कुणालाही ती उघडता येईना. तेव्हापासून मुठू. आई बाळंतपणातच गेली, वडिलांनी दुसरीकडे संसार मांडला, आणि त्याच वॉर्डात आया असलेल्या मावशीने तिला घरी आणलं. आता मुठू बेचाळीस वर्षांची होती. केस कानांपाशी पांढरे झाले होते, तरी झोपेत डावी मूठ अजून वळायची. आणि तो डावा हात उजव्यापेक्षा नेहमी गरम असायचा. डॉक्टरांनी दोनदा तपासला, काही निघालं नाही. ऑफिसातले जुने सहकारी चष्मेकाका म्हणायचे, "मुठूच्या डाव्या हातावर चहा ठेवा, तासभर गार होणार नाही."

जन्मली त्याच रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईघर आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या खोलीत मुठू कामाला होती. खोलीत दोन संगणक, एक प्रिंटर, एक खिडकी. भिंतीपलीकडे दिवसभर धुलाईयंत्रांची घरघर, आणि दर अर्ध्या तासाने खिडकीवरून सरकणारा वाफेचा एक पांढरा लोट. खिडकीतून जुना वॉर्ड दिसायचा. बसकी इमारत, हिरवी दारं. महिनाअखेरीस ती पाडायची होती.

त्या वॉर्डाची एक रीत होती. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं तिथे ठेवत. त्यांना ऊब द्यायच्या काचेच्या पेट्या तेव्हा होत्या दोनच, आणि बाळं असायची वीस. मग ज्याला जमेल त्याने बाळ छातीशी घ्यायचं. नर्स, आया, स्वयंपाकघरातला आचारी, रुग्णवाहिकेचा चालक, जो मोकळा असेल तो. हात धुवायचे, सदऱ्याची बटणं उघडायची, बाळ आत घ्यायचं आणि खुर्चीत बसून राहायचं. बाळाच्या पायाला कापडाची पट्टी, पट्टीवर शाईने आकडा. बाळाचं वजन भरलं, ते घरी निघालं, की एका वहीत नोंद व्हायची: एका ओळीवर बाळाचा आकडा, खालच्या ओळीवर ज्याच्या कुशीत ते सगळ्यात जास्त राहिलं ते माणूस. नाव नाही, फक्त काम. 'थोरला आचारी.' 'धुलाईवाली.' 'दाढीवाले डॉक्टर.' 'कुशीची वही' म्हणत तिला सगळे.

वॉर्ड पाडायच्या आधी, येत्या शनिवारी, त्या सहाशे चाळीस बाळांना बोलावलं होतं. आता ती बाळं कसली, कुणाच्या डोक्यावर केस उरले नव्हते, कुणाला नातवंडं होती. प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं होतं: तुमचा आकडा अमुक, तुम्हाला ऊब दिली अमक्याने. ते काम मुठूकडे आलं होतं. तिची स्वतःची पट्टी मावशीने डब्यात जपून ठेवली होती. तीनशे अठरा. कूस कुणाची, असं विचारलं की मावशी सुई-दोऱ्यावरून मान वर न करता म्हणायची, "माझीच. आणखी कुणाची असणार?" पण ते उत्तर दर खेपेला जरा घाईने यायचं. मुठूला त्या माणसाचे आभार मानायचे होते. ते जिवंत असेल तर पाया पडायचं होतं, नसेल तर निदान कोण होतं ते समजायला हवं होतं. वॉर्ड पडायच्या आत.

वही चष्मेकाकांनी टाइप केली. ते तिथले सगळ्यात जुने टंकलेखक. समोर जे दिसेल ते ओळीला ओळ उतरवायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही, हा त्यांचा बाणा.

"झालं बघ," ते बुधवारी म्हणाले. "आकडा, माणूस, आकडा, माणूस. आता यात तू काय करणार आणखी?"

"काका, ही नुसती रांग झाली. एकशे बारा नंबरवाला आला आणि त्याने विचारलं, तर पहिल्यापासून चालत जावं लागेल."

"मग मी पंधरा दिवस माश्या मारल्या?"

"नाही हो. तुमच्या रांगेतूनच तक्ता करायचा. तक्त्यात चालावं लागत नाही. हाक मारली, की थेट ओ येते."

त्यासाठी संगणकाला द्यायच्या सूचनांची स्क्रिप्ट होती सहा ओळींची. फाईलमधल्या सगळ्या ओळी एका अ‍ॅरेत, म्हणजे सरळ रांगेत घ्यायच्या, मग दोन-दोन उचलून हॅश टेबलात, म्हणजे त्या तक्त्यात ठेवायच्या. जोडीतली पहिली ती हाक, दुसरी ती ओ. असली स्क्रिप्ट मुठूने शंभरदा लिहिली होती. तिने ती चालवली. यंत्राने कुरकुर केली नाही.

त्याच वेळी दारात एक आडव्या अंगाचा माणूस उभा राहिला. बसचालक होता. शनिवारी त्याची ड्यूटी होती, म्हणून आधीच विचारायला आला होता. टोपी हातात घेऊन चाचरत म्हणाला, "एकशे बारा. आईने मरताना सांगितला होता आकडा."

मुठूने हाक टाकली. ओ आली: थोरला आचारी.

"आचारी!" बसचालक हसला. "तरीच! जन्मापासून भूक आवरत नाही मला." मग हसता हसता त्याचा आवाज चिरकला. "आहेत का हो ते?"

"आहेत," चष्मेकाका म्हणाले. "ऐकू कमी येतं, पण जीभ शाबूत आहे. पलीकडच्याच गल्लीत राहतात."

तो धावतच गेला. तासाभराने खिडकीतून दिसलं, जुन्या वॉर्डाच्या पायरीवर ते दोघं बसले होते. म्हातारा आचारी आपल्या वाळक्या हाताने बसचालकाच्या रुंद पाठीवर थोपटत होता, अगदी बाळाला थोपटतात तसं. मुठूने डोळे पुसले. आणि मग, इतका वेळ लाजून मागे ठेवलेली स्वतःची हाक तिने टाकली.

तीनशे अठरा.

ओ आली: तीनशे एकोणीस.

तिला हसू आलं. ही चूक तिच्या ओळखीची होती. तक्त्यात किती नोंदी आहेत ते तिने पाहिलं. सहाशे चाळीस हव्यात, सहाशे एकोणचाळीस होत्या. तीनशे अठरा आणि तीनशे एकोणीस, दोन्ही आकड्यांखालची माणसं राहून गेली असणार. म्हणून दोन आकडे लागोपाठ आले आणि स्क्रिप्टने भाबडेपणाने दुसऱ्या आकड्याला पहिल्याची ओ समजून घेतलं.

"काका, दोन माणसं खाल्लीत तुम्ही."

"मी? अजिबात नाही. वही बघ."

वही पाहिली. पिवळं पान, कोपऱ्यावर दुधाचा जुना डाग. तीनशे अठरा, त्याच्या लगेच खाली तीनशे एकोणीस. माणूस नाही. दोन्ही आकड्यांना जोडणारी एक बाकदार रेघ मात्र होती, एकाला वळसा घालून दुसऱ्याच्या पोटात शिरलेली.

"आता ही रेघ कशी टाइप करू मी?" काका म्हणाले. "त्यासाठी बटण नाही."

आकड्यांचं वळण मुठूने ओळखलं. तिच्या शाळेच्या वह्यांवर याच वळणाने तिचं नाव घातलेलं असायचं. मावशीचं अक्षर.

तिने फाईल उघडली. दोन्ही आकड्यांखाली एकेक कोरी ओळ घातली. आता ओळी बरोबर बाराशे ऐंशी झाल्या. स्क्रिप्ट पुन्हा चालवली. नोंदी सहाशे चाळीस. ठीक.

तीनशे अठरा, अशी हाक टाकली.

तीनशे एकोणीस.

तिने तीनशे एकोणीसला हाक टाकली.

तीनशे अठरा.

धुलाईयंत्रं थांबली होती. जेवणाची सुट्टी. त्या शांततेत प्रिंटरचा पंखा तेवढा फिरत होता.

"जुनीच फाईल चालवली असशील," काका डब्याचं झाकण लावत म्हणाले. म्हणणं रास्त होतं. तिने जुनी फाईल पुसली. संगणक बंद करून चालू केला. मग काकांच्या संगणकावर बसली आणि सहाच्या सहा ओळी नव्याने लिहिल्या. कोऱ्या ओळी फाईलमध्ये कोऱ्याच होत्या. तक्त्यात मात्र दोन आकडे एकमेकांना ओ देत होते.

मग तिने सगळा तक्ताच छापायला लावला. अशा तक्त्याला रांग ठाऊक नसते. दर खेपेला नोंदी वेगळ्याच क्रमाने बाहेर पडतात, पत्ते पिसावेत तशा. पहिल्या खेपेला वर दोनशे सात होता, दुसऱ्या खेपेला पाचशे नव्वद. पण तीनशे एकोणीस जिथे असेल, त्याच्या लगेच खाली तीनशे अठरा. तिसऱ्या खेपेलाही तसंच. दहाव्याही. बाकीचे सहाशे अडतीस जत्रेतल्यासारखे इकडून तिकडे फिरत होते, आणि हे दोघं हात धरून.

"योगायोग," काका म्हणाले. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि स्क्रिप्ट आणखी वीसदा चालवायला लावली. विसाव्या खेपेनंतर म्हणाले, "मी जरा बाहेर जाऊन येतो," आणि गेले ते त्या दिवशी परत आले नाहीत.

मुठू एकटी राहिली. तिला भीती वाटत नव्हती. नंतरही तिला याचंच नवल वाटत राहिलं. खोलीत गारवा होता, वाफ खिडकीला चिकटून खाली ओघळत होती, आणि मांजर मांडीवर येऊन बसावं तसं काहीतरी तिच्या अगदी जवळ येऊन थांबलं होतं.

पण हाताला कामाची सवय होती. चुकीची नोंद असेल तर ती काढायची, एवढंच तिला येत होतं. तिने फाईल उघडली. तीनशे एकोणीसची ओळ आणि तिच्याखालची कोरी ओळ, दोन्ही पुसल्या.

ओळी बाराशे अठ्ठ्याहत्तर झाल्या.

स्क्रिप्ट चालवली.

नोंदी सहाशे चाळीस.

तिने पुन्हा मोजल्या. सहाशे चाळीसच.

हाक टाकायला ती पुढे सरकली, आणि तेव्हा तिला कळलं की आपली डावी मूठ मिटलेली आहे.

तिने उघडायचा प्रयत्न केला. उघडेना.

उजव्या हाताने बोटं सोडवू लागली. एकही सुटेना. मूठ दुखत नव्हती. तापली होती, आत जिवंत काही असावं तशी. आणि श्वास घ्यायला तिला थोडं थांबावं लागत होतं. पुढच्या श्वासाला आणखी थोडं.

एका हाताने, एकेक बटण शोधत, तिने पुसलेली ओळ परत लिहिली.

तीन. एक. नऊ.

श्वास भरून आला. मूठ आपसूक उघडली. तळहातावर, मधोमध, एक लहानसा लालसर वण उमटला होता. एखादं बारीक बोट बराच वेळ धरून ठेवलं असावं तसा. ती पाहत होती तोवर तो विरून गेला.

पलीकडे धुलाईयंत्रं पुन्हा सुरू झाली.

मग तिने बाकीच्यांबरोबर स्वतःचंही कार्ड छापलं. तक्त्याने जे दिलं तेच. हाताने काही बदललं नाही. कार्ड पर्समध्ये ठेवताना तिने डावा तळहात ओठांशी नेला आणि अगदी हळू, कुणाला जाग येऊ नये अशा बेताने म्हणाली, "कोण आहेस ते ठाऊक नाही. पण आहेस, हे बरं झालं."

घरी पोचली तेव्हा उन्हं अजून गच्चीत होती. मावशी तिथेच खुर्चीत बसून तिचा तो जुनापुराणा तपकिरी स्वेटर रफू करत होती. सत्त्याहत्तर वर्षांची झाली होती, पण सुईत दोरा ओवायला तिला कुणी लागत नसे.

"आज लवकर?" मावशी म्हणाली. "काढून टाकलं की काय नोकरीवरून?"

"तुझी आठवण आली."

"मग नक्कीच काढलं."

मुठूने कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं. मावशीने ते लांब धरून वाचलं. तीनशे अठरा. तुम्हाला ऊब दिली: तीनशे एकोणीस. सुई स्वेटरात टोचून तिने तो बाजूला ठेवला.

"कुणी लिहिलं हे?"

"कुणी नाही. आपोआप आलं. वहीतली रेघ मात्र तुझी आहे."

समोर गच्चीतल्या पाण्याच्या टाकीच्या काठावर दोन पारवे बसले होते.

"मावशी, मी जाब विचारायला नाही आले. मला आभार मानायचेत. बेचाळीस वर्षं झाली, कुणाचे मानू तेवढं सांग."

"जुळी होतात तुम्ही," मावशी म्हणाली. वर्षानुवर्षं तोंडात धरलेलं वाक्य असं निघालं, की तिलाच ओळखू आलं नाही. "तू आणि भाऊ. तू आधी, तो तुझ्या पाठोपाठ. पहिल्याच दुपारी दाढीवाले डॉक्टर आले. तपासलं आणि म्हणाले, तीनशे एकोणीस गेला. याला नेऊन द्या. मी उचलायला गेले, तर तुझ्या डाव्या मुठीत त्याचं बोट."

"मग?"

"सोडवलं. तुझा श्वास थांबला. परत दिलं, तू श्वास घेतलास. पुन्हा सोडवलं, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा माझी छाती झाली नाही, बाई. दोघांना एका दुपट्यात घेतलं आणि या स्वेटराच्या आत ठेवलं. तीन दिवस. कुणी डोकावलं की सांगायचे, झोपलीत दोघं. माझी नोकरी गेली असती, तुरुंगातही गेले असते कदाचित. बहीण गेली होती, तो गेला होता. तुला नव्हतं जाऊ द्यायचं."

मुठूने तिचा सुरकुतलेला हात दोन्ही हातांत घेतला. "म्हणजे तूच धरलंस मला. आयुष्यभर खरंच तर सांगत होतीस."

"नाही." मावशीने मान हलवली. "दोघांना मी धरलं होतं. तुला मी नाही, त्याने धरलं. चौथ्या दिवशी सकाळी तू आपणहून मूठ उघडलीस. मग मी त्याला नेऊन दिलं. वहीत लिहायची वेळ आली, तेव्हा 'आया' असं घालवेना. त्याला तर नाव नाही, काम नाही. म्हणून रेघ काढली."

उन्हं गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरली. मुठूचे डोळे वाहत होते, आणि तरी तिला वाटत होतं, इतकं भरलेलं आपण कधीच नव्हतो. बेचाळीस वर्षांचे सगळे श्वास तिला कुणीतरी हातात मोजून दिल्यासारखे वाटले. लहानपणी विचारायची तसंच तिने विचारलं:

"पुढे?"

मावशीने डोळे मिटले. आवाज आता पार विरला होता, पण ताल तोच होता.

एक वाट दूर गेली, एक दारापाशी आली
जाणारीने येणारीच्या कुशी ऊब ही ठेवली.

"एवढंच होतं?" मुठू म्हणाली. "इतकी वर्षं एवढंच लपवलंस? हे तर किती सुंदर आहे, मावशी."

"एवढंच असतं तर कधीच सांगितलं असतं." मावशीने डोळे उघडले नाहीत. तिने चाचपत मुठूचा डावा हात शोधला आणि दोन्ही तळहातांत धरला, शेकोटीवर हात धरावेत तसा. "डॉक्टर सांगून गेले, तेव्हा मी तुमच्या दोघांच्या हातांना हात लावून पाहिला होता. एक गरम होता, एक बर्फासारखा गार. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी मूठ उघडलीस, तेव्हा कुठे अदलाबदल झाली."

"म्हणजे भाऊ..."

"गार हात तुझा होता, मुठू. गरम त्याचा."